ट्रेनरवर दोन महिने वापरलेलं 155 एमएमचं शॉर्ट नोझ सॅडल

थंडी पडली की माझी सायकल ट्रेनरवर, म्हणजे घरात जागेवरच सायकल चालवायच्या स्टँडवर, चढते आणि दरवर्षी पहिल्याच आठवड्यात बूड ठणकायला लागतं. तेच सॅडल (सायकलची सीट) बाहेर तीन-तीन तास काही त्रास देत नाही आणि घरात पाऊण तासात खाली सगळं बधीर. यंदा शेवटी नवीन घेतलं, आखूड नाकाचं, मधे आरपार कटआउट असलेलं, रुंदी 155 एमएम.

रुंदीचं आधी सांगतो कारण माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. जुनं 143 चं, सायकलबरोबर आलेलं, कधी विचारच केला नव्हता. यावेळी पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा लाकडी स्टुलावर ठेवला, त्यावर पुढे वाकून बसलो, उठलो तर बसायच्या दोन हाडांचे दोन खड्डे पडलेले, त्यांच्या मधोमध पेनाने ठिपके दिले आणि अंतर मोजलं तर 130 आलं. त्यात साधारण 20-25 एमएम मिळवायचे असा हिशोब असतो, म्हणजे इतकी वर्षं माझी हाडं सॅडलच्या कडेवर टेकत होती!

पहिल्या दिवशी कडक वाटतं, घाबरू नका. गेल्या वर्षी मी जेल कव्हर घालून बघितलं होतं, त्यात हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. यात वजन हाडांवरच राहतं, बधीरपणा दुसऱ्या आठवड्यापासून गेला तो गेलाच.

पण एक आहे, ट्रेनरवर सायकल जागेवर खिळलेली असते, डावी-उजवीकडे झुलत नाही, खड्डा नाही की उतार नाही, त्यामुळे आपण सीटवरून उठतच नाही, आणि अर्ग मोडला (यात ट्रेनर स्वतःच ठरलेला जोर कायम ठेवतो) लावलं तर पायांना पण उसंत नाही. हे कुठलंच सॅडल सोडवणार नाही. मी दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभा राहून पॅडल मारतो, ते केलंच पाहिजे. आणि समोर मोठा पंखा, नाहीतर घामाने शॉर्ट्समधलं पॅड ओलं होऊन मांड्या सोलवटतात.

तक्रार म्हणाल तर वरचं कव्हर फार गुळगुळीत आहे, घाम आला की पुढे सरकायला होतं. मला आधी सॅडलचाच दोष वाटला पण लेव्हल लावून बघितली तर नाक खाली झुकलेलं, कारण ट्रेनरमुळे मागचं चाक वर उचललं गेलेलं, पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवला आणि सरकणं बरंच कमी झालं, मनगटं दुखायची तीही थांबली. तरी कव्हर थोडं खरखरीत हवं होतं, म्हणून पाचपैकी चार.

माप न घेता मात्र 155 मागवू नका. माझं जुनं 143 एका मित्राला दिलं, त्याचं माप 118 आलं होतं, तो त्यावर रोज तास-दीड तास आरामात बसतोय.