पोलाद कारखान्याचं रेल्वे मॉडेल: एचओ की एन?

स्टेशन, बोगदा आणि गोल फिरणारी गाडी करून झाली की काहींना झोतभट्टीचं, म्हणजे खनिजातून लोखंड गाळणाऱ्या उंच भट्टीचं वेड लागतं, आणि मग पहिला प्रश्न येतो तो मापाचा: खऱ्याच्या 1/87 आकाराचं एचओ की 1/160 आकाराचं एन. मी हा कारखाना आधी एनमध्ये बांधला, तीन वर्षं चालवला आणि नंतर एचओत नव्याने उभा केला. माझा कल कुठे आहे ते लपणार नाही. तरीही एनमध्ये मला जे मिळालं त्याची किंमत मी कमी करणार नाही.

एनची बाजू आधी सांगतो, कारण ती खरंच भक्कम आहे. पोलाद कारखाना ही एक इमारत नसते, साखळी असते. कोळशाचा कोक करणारे कोक ओव्हन, खनिजाचे बंकर, झोतभट्टी, लोखंडाचं पोलाद करणारं स्टील मेल्टिंग शॉप, पोलाद लाटणारी रोलिंग मिल. एक टन लोखंड गाळायला दीड टनाहून जास्त खनिज आणि अर्ध्या टनाच्या आसपास कोक आत यावा लागतो, आणि तीनेकशे किलो मळी (लोखंड गाळताना वेगळा होणारा वितळलेला टाकाऊ भाग) बाहेर न्यावी लागते. कारखान्यातल्या रुळांवरची सगळी वर्दळ या हिशेबातूनच येते. खनिजाच्या वाघिणींची लांब रांग, मळीच्या भांड्यांची छोटी गाडी, आणि मधूनच डौलात जाणारी टॉर्पिडो लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड वाहून नेणारी लांबट बंद वाघीण. एनमध्ये हे सगळं एका भिंतीला मावतं. जागा तेवढीच धरली तर एचओपेक्षा सव्वातीन पटींहून जास्त कारखाना दाखवता येतो.

उंचीचंही तसंच. भट्टी, तिच्या डोक्यावरून वळून खाली येणारे वायूचे जाड नळ, शेजारी गरम हवेच्या स्टोव्हच्या टाक्या, असं सगळं धरून साठेक मीटर उंची होते. एनमध्ये ती साडेसदतीस सेंटीमीटर, एचओत एकोणसत्तर. एकोणसत्तर सेंटीमीटर म्हणजे बोर्डाच्या मागच्या बाजूला हात पोहोचत नाही आणि वरचं कपाट काढावं लागतं. माझ्या एनच्या बोर्डावर पाच पावलं मागे सरून पाहिलं की अख्खा कारखाना एका नजरेत यायचा. संध्याकाळी खोलीतला दिवा मालवून फक्त भट्टीचे नारिंगी एलईडी चालू ठेवले की जे दिसायचं, ते एचओत मला अजून जमलेलं नाही. हे मनापासून सांगतो.

जवळ गेलं की मात्र चित्र पालटतं. जर्मनीतला फ्योल्कलिंगनचा कारखाना 1986 मध्ये थंडावला आणि 1994 पासून जागतिक वारसा आहे. त्याचे फोटो समोर ठेवून काम करणाऱ्याला लगेच कळतं की भट्टीचं रूप नळांत जेवढं आहे तेवढंच कठड्यांत, जिन्यांत आणि मचाणांत आहे. प्लॅस्टिकच्या किटमधला अर्ध्या मिलिमीटरचा कठडा एनच्या हिशेबाने आठ सेंटीमीटर जाड होतो. मुठीत मावणार नाही असा. एचओत तोच साधारण साडेचार सेंटीमीटरचा, म्हणजे खऱ्यासारखा. एनमध्ये कोरीव पितळी पत्रे वापरून यावर मात करता येते. मी केली, एका भट्टीला चार महिने लागले. ज्याला ते काम आवडतं त्याच्यासाठी हा मुद्दा बाजूलाच ठेवावा. वॉल्थर्स या मॉडेल बनवणाऱ्या कंपनीने भट्टीचं किट दोन्ही मापांत काढलेलं आहे, त्यामुळे सुरुवातीला अडत नाही.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला ती.

कारखान्यातली गाडी धावत नाही, सरपटते. टॉर्पिडोत दीडशे ते तीनशे टन वितळलेलं लोखंड असतं, चौदाशे अंशांच्या वर. त्याला धक्का देऊन कोणी नेत नाही. इंजिन छोटं, चाकं जवळजवळ, आणि वाटेत सांधेच सांधे (एका रुळातून दुसरा रूळ फुटतो त्या जागा), कारण भट्टीखाली दोन-तीन रूळ शेजारी घ्यावे लागतात. वर आणखी एक गोष्ट. कारखान्यातले रूळ उघड्या खडीवर फारसे नसतात, ते काँक्रीटमध्ये किंवा काळ्या भुकटीत माथ्यापर्यंत बुडालेले असतात. मॉडेलमध्ये आपण ते प्लास्टरने भरतो आणि त्यावर गंजाची, काजळीची पावडर घासतो. मॉडेलच्या इंजिनाला वीज रुळांतून चाकांमार्गे मिळते. मंद वेग, आखूड इंजिन, भरपूर सांधे, बुजवलेले रूळ आणि पावडर, वीज तुटायला जे जे लागतं ते सगळं या एका विषयात एकत्र येतं.

एनचं इंजिन इतकं हलकं असतं की प्लास्टरचा केसाएवढा उंचवटाही त्याचं चाक उचलतो. माझी टॉर्पिडो भट्टीच्या छताखालून निघायची, पहिला सांधा ओलांडायची आणि दुसऱ्या सांध्याच्या प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्यावर थांबायची. दर वेळी तिथेच. मग वरून बोट घालून इंजिनाला टिचकी मारायची. कठडा, तोंडावरची लाल झगमग, वाफेसाठी लावलेला कापूस, इतकं सगळं उभं केल्यावर त्यात एक मोठं माणसाचं बोट येतं आणि क्षणात ते खेळणं होतं. पाहुण्यांसमोर वाईट वाटायचंच, पण एकटा असताना जास्त वाटायचं.

मी उपाय केले. धातूचे फ्रॉग बसवून त्यांना स्वतंत्र वीज दिली. प्लास्टर पुन्हा खरवडून रुळाच्या माथ्याखाली आणलं. इंजिनामागे एक सपाट वाघीण कायमची जोडून तिच्या चाकांवरूनही वीज घेतली. फरक पडला, दहातली आठ वेळा गाडी पार व्हायची. पण त्या वाघिणीमुळे इंजिन फिरवून दुसऱ्या टोकाला घ्यायची जागा अपुरी पडू लागली, आणि उरलेल्या दोन वेळांची धास्ती काही गेली नाही. गाडी चालवताना माझं लक्ष लोखंडावर नसायचं, त्या दुसऱ्या सांध्यावर असायचं.

एचओत हा त्रास शून्य आहे असं नाही. पण एकाच खऱ्या डब्याचं मॉडेल एचओत एनपेक्षा घनफळाने सहापटीहून मोठं होतं, आणि ते वजन रुळावर जाणवतं. नेहमीच्या शिफारशीप्रमाणे पंधरा सेंटीमीटरच्या एचओ डब्याचं वजन 113 ग्रॅमच्या आसपास ठेवतात, तर तोच डबा एनमध्ये 28 ग्रॅमच्या आसपास येतो. शिवाय इंजिनाच्या पोटात डिकोडरशेजारी (इंजिनाला हुकूम पोहोचवणाऱ्या छोट्या सर्किटशेजारी) थोडी वीज साठवणारा कपॅसिटर बसवायला जागा मिळते, म्हणजे क्षणभर वीज तुटली तरी गाडी चालत राहते. माझं एचओचं चार ॲक्सलचं शंटर, म्हणजे डबे हलवणारं छोटं इंजिन, पहिल्याच दिवशी बुजवलेल्या सांध्यावरून मुंगीच्या चालीने गेलं. मी तीनदा मागे-पुढे नेऊन पाहिलं. टॉर्पिडोच्या धुऱ्या एकामागून एक सांध्यावर किंचित खाली-वर होताना दिसत होत्या. ती लय एनमध्ये मला कधी दिसलीच नव्हती.

याची किंमत जागेत मोजावी लागते. 240 बाय 60 सेंटीमीटरच्या फळीवर अख्खी साखळी मावणार नाही हे मान्य करावं लागलं. रोलिंग मिल गेली, ती आता भिंतीवर रंगवलेला एक लांब पत्र्याचा शेड आहे. भट्टीही पूर्ण गोल नाही, पाठीकडून कापून भिंतीला टेकवली आहे. गोल फेरा नाहीच. भट्टीखालून लॅडल घ्यायची, मेल्टिंग शॉपच्या दारात सोडायची, रिकामी परत आणायची, मधल्या वेळात मळीची भांडी हलवायची आणि खनिजाच्या तीन वाघिणी वरच्या रुळावर ढकलायच्या. एवढ्याला मला पाऊण तास लागतो. एनमध्ये वीस वाघिणींची रांग होती आणि पाच मिनिटांत पाहून व्हायची.

बाकीचं थोडक्यात. सुट्या करायच्या जोडण्या एचओत जास्त भरवशाच्या वाटतात, आणि कारखान्यात तर दिवसभर सोडणं-जोडणंच असतं. मळीचं भांडं कलतं करायला छोटी सर्व्हो मोटर एचओत आरामात बसते, एनमध्ये मी प्रयत्न सोडून दिला. वळणांत मात्र एन उजवा. माझी एचओची टॉर्पिडो 46 सेंटीमीटरपेक्षा घट्ट त्रिज्येवर कुरकुरते.

तेव्हा कारखाना लांबून, एक देखावा म्हणून पाहायचा असेल, लांबच लांब रांगा हव्या असतील आणि भट्टीखालचा रूळ उघड्या खडीवर ठेवायला हरकत नसेल, तर एन बेलाशक घ्यावं. ज्याला लोखंड स्वतः वाहून न्यायचंय त्याला मी एचओकडेच वळायला सांगेन, मग फळी अर्धी मिळाली तरी चालेल. अजून ठरत नसेल तर भट्टीचं किट आणण्याआधी दोन सांधे, एक आखूड इंजिन आणि मूठभर प्लास्टर आणा. दोन्ही सांधे माथ्यापर्यंत बुजवा, सुकू द्या, वर पावडर घासा आणि मग गाडी सर्वांत कमी वेगात त्यावरून न्या.

माझी एनमधली कोक ओव्हनची रांग मोडायला मन झालं नाही. ती आता एचओच्या बोर्डावर अगदी मागे, भिंतीलगत, भट्टीच्या दोन नळांच्या फटीत उभी आहे. माप लहान असल्यामुळे ती अर्धा किलोमीटर दूर असल्यासारखी दिसते, आणि तिच्या दारांतले नारिंगी दिवे मी अजूनही सगळ्यांत आधी लावतो.