गूगल सर्च कन्सोल : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गुहागरला आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीत चार खोल्यांचा होमस्टे आहे. त्याच्या संकेतस्थळाचा मजकूर आता मी स्वतः लिहिते आणि त्यासाठी गेले आठ महिने गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपले संकेतस्थळ गूगलच्या शोधात कसे दिसते ते मालकाला दाखवणारे गूगलचे साधन, नियमितपणे वापरते आहे.

त्याआधी हे काम एका एजन्सीकडे होते. त्यांनी ‘गुहागर स्वस्त हॉटेल’ हे शब्द जवळजवळ प्रत्येक वाक्यात घातले आणि मेटा कीवर्ड्समध्ये (पानाच्या कोडमध्ये शोध इंजिनांसाठी लिहिलेल्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दांच्या यादीत) कोकणातल्या गावांची नावे भरून ठेवली. शोधाच्या निकालांची क्रमवारी लावताना मेटा कीवर्ड्स विचारात घेतले जात नाहीत, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, आणि शब्दांची अशी खोगीरभरती त्यांच्या धोरणात स्पॅम मानली जाते; हे मला सगळे पैसे देऊन झाल्यावर समजले.

कन्सोल विनामूल्य आहे. संपूर्ण डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, मालकी सिद्ध करण्यासाठी त्याच्या डीएनएस सेटिंगमध्ये एक नोंद करावी लागते, एवढीच काय ती तांत्रिक खटपट. क्लिक, इम्प्रेशन (आपले पान शोधाच्या निकालांत किती वेळा दिसले) आणि निकालांतले सरासरी स्थान यांची १६ महिन्यांपर्यंतची माहिती मिळते. पण माझ्या दृष्टीने खरा ऐवज क्वेरींच्या यादीत, म्हणजे लोकांनी शोधताना प्रत्यक्ष टाइप केलेल्या शब्दांत आहे.

त्या यादीत ‘दाभोळ धोपावे फेरी टाइम’ ही रोमन लिपीतली क्वेरी सतत दिसत होती. इम्प्रेशन भरपूर आणि क्लिक मात्र शून्य. आमच्या पानावर ‘दापोलीकडून येणाऱ्यांसाठी फेरीबोटीची सोय आहे’ एवढे एकच वाक्य होते. मुलाबाळांसह गाडी घेऊन निघालेल्या माणसाला गाडी बोटीत चढते का, शेवटची बोट किती वाजता आहे आणि ती चुकली तर वाशिष्ठीच्या खाडीला चिपळूणकडून केवढा वळसा पडेल, हे जाणून घ्यायचे असते. मी खाडीच्या आमच्या बाजूच्या धोपाव्याच्या जेटीवर जाऊन वेळा उतरवून घेतल्या, बोटीत गाड्या चढताना फोटो काढले आणि स्वतंत्र पान लिहिले, ज्याचे शीर्षक लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवले. महिन्याभरात त्या पानावर रोज क्लिक येऊ लागले आणि हेच पान वाचून आलेली कुटुंबे आमच्याकडे उतरूही लागली.

उणिवा आहेत आणि त्या लहान संकेतस्थळांना अधिक जाणवतात. फार थोड्या लोकांनी शोधलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी दाखवल्या जात नाहीत, त्यामुळे आमच्यासारख्यांच्या यादीतला बराच भाग गळतो. अंतिम, पक्की माहिती साधारण दोन-तीन दिवस उशिरा येते. सरासरी स्थानाच्या आकड्यावर तर मी विसंबतच नाही, कारण एका क्वेरीला पहिले आणि दुसरीला चाळिसावे स्थान असले तरी सरासरी मध्येच कुठेतरी दिसते. कोकम आगळावरचे आमचे पान सहा आठवडे ‘सापडले, पण इंडेक्स झालेले नाही’ याच स्थितीत अडकून होते, म्हणजे गूगलच्या शोधसूचीत त्याची नोंदच झाली नव्हती; इंडेक्सिंगची विनंती करता येते, पण ती मान्य होईलच याची हमी नसते. ते पान मी पुन्हा वाचले तेव्हा त्यात इतरत्र न मिळणारे एकही वाक्य नव्हते. आमच्या घरी आगळ कसे काढतात, मीठ किती आणि कधी घालतात, हे आईला विचारून सगळे नव्याने लिहिले, आणि त्यानंतर ते इंडेक्स झाले. कारण नेमके तेच होते की नाही, हे कन्सोल सांगत नाही.

अलीकडे हेदवीच्या समुद्रकाठच्या खडकातल्या बामणघळीविषयी क्वेरी दिसू लागल्या आहेत. तिथले पाणी उसळताना पाहायचे तर भरतीची वेळ गाठावी लागते, म्हणून भरतीचे कोष्टक समोर घेऊन पुढचे पान लिहायला घेतले आहे.