क्रिप्टोमेटर: पावसाळ्यापासून वापरतोय, आणि मराठी फाइलनावांनी आणलेला वैताग

क्रिप्टोमेटर म्हणजे क्लाउडवर ठेवायच्या फाइल एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करणारं ॲप. फाइल क्लाउडवर जाण्याआधीच आपल्या मशीनवर कुलूपबंद होते आणि क्लाउडवाल्याला फक्त अगम्य अक्षरांचा ढीग दिसतो. मी ते घेतलं ते मुख्यतः कॉम्प्युटरवर फुकट आहे म्हणून. फोनवर पूर्ण वापरायचं तर एकदा पैसे मोजावे लागतात, पण दरवर्षीची वर्गणी नाही. गूगलचं स्वतःचं क्लायंट-साइड एन्क्रिप्शन (अपलोडआधी आपल्याच मशीनवर कुलूप लावणं) कंपन्यांच्या महागड्या प्लॅनमध्ये मिळतं, आपल्या साध्या जीमेल खात्याला नाही. असंच काम करणारं बॉक्सक्रिप्टर २०२२ मध्ये ड्रॉपबॉक्सने घेतलं आणि नवीन ग्राहक घेणं थांबलं. एन्क्रिप्टेड मेल आणि फाइल सांभाळणारं स्किफ २०२४ मध्ये नोट्सचं ॲप बनवणाऱ्या नोशनने घेतलं आणि काही महिन्यांत दुकान बंद. क्रिप्टोमेटर बनवणारी जर्मनीतल्या बॉनची कंपनी उद्या कोणी गिळली तरी कोड खुला आहे, आपले कागद अडकणार नाहीत, हा माझा हिशेब.

हिशेब बरोबर होता. बोंब झाली ती वेगळ्याच ठिकाणी.

गावच्या जमिनीचे सगळे कागद मी एका व्हॉल्टमध्ये (क्रिप्टोमेटरच्या कुलूपबंद फोल्डरमध्ये) टाकले होते: सातबारे, फेरफार, खरेदीखतं, आजोबांचं मृत्युपत्र. वारस नोंदीसाठी चुलतभाऊ तलाठी कार्यालयात उभा, आणि त्याच्या फोनवर नेमकं मृत्युपत्रच दिसेना. बाकी सगळं दिसतंय. माझ्या लॅपटॉपवर फाइल आहे, उघडतेय, क्लाउडच्या ॲपवर हिरवी टिकही आहे. शेवटी व्हॉट्सॲपवर पाठवलं. म्हणजे इतके महिने जे टाळण्यासाठी खटाटोप केला, तेच केलं.

मग क्लाउडवाल्यांच्या कस्टमर केअरशी चॅट. (कंपनीचं नाव घेत नाही, पैसे भरणारा ग्राहक आहे मी त्यांचा, एवढं पुरे.) पहिला प्रश्न: "सर, कोणती फाइल अपलोड झाली नाही तिचं नाव सांगा." मी मराठी नाव दिलं. उत्तर आलं, "सर, या नावाची फाइल तुमच्या खात्यात कधीच नव्हती." बरोबरच आहे, नसणारच! क्रिप्टोमेटरमध्ये कुलूपबंद फाइल शोधून दाखवायची सोय आहे, ती वापरून खरं नाव काढलं आणि चिकटवलं. इकडून तिकडे दोन ओळी भरून अक्षरं. त्यावर, "सर, हे फाइलचं नाव वाटत नाही, कृपया स्क्रीनशॉट पाठवा." स्क्रीनशॉट पाठवला. दुसऱ्या दिवशी तक्रार 'निकाली' म्हणून बंद.

शेवटी स्वतःच आकडेमोड केली, आणि मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाने ती बघावी. माझ्या फाइलचं नाव होतं 'आजोबांचे मृत्युपत्र नोंदणीकृत प्रत रत्नागिरी १९९८', पुढे पीडीएफचं शेपूट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात, त्यामुळे 'मृत्युपत्र' एवढा एकच शब्द ३० बाइटचा. पूर्ण नाव १४१ बाइट. एन्क्रिप्ट होताना त्यात १६ वाढतात, मग त्याचं बेस-६४ होतं (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत, त्यात लांबी वाढते) आणि क्रिप्टोमेटरच्या स्वतःच्या शेपटासकट २१६ अक्षरं होतात. त्याच्या आधी व्हॉल्टच्या आतल्या फोल्डरांची ३६, त्याच्याही आधी माझ्या विंडोजमधला मूळ पत्ता. फाइलच्या पूर्ण पत्त्यासाठी विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची. ती ओलांडली, आणि क्लाउडच्या ॲपने गुपचूप फाइल सोडून दिली. वर हिरवी टिक! हेच नाव रोमनमध्ये टाकलं असतं तर जेमतेम शंभराच्या घरात बसलं असतं, म्हणून इंग्रजीत नावं देणाऱ्यांना हा त्रास कधी जाणवतच नाही.

गंमत म्हणजे नाव अजून लांब असतं तर वाचलो असतो. एन्क्रिप्ट झालेलं नाव २२० च्या पुढे गेलं की क्रिप्टोमेटर त्याच्या जागी ३२ अक्षरांचं छोटं नाव ठेवतं आणि मूळ नाव आत वेगळ्या फाइलमध्ये जपतं. माझं २१६. थोडक्यात हुकलं.

इथवर मी एक तारा देऊन ॲप काढून टाकायच्या बेतात होतो. पण ही २२० ची मर्यादा व्हॉल्ट बनवताना 'एक्स्पर्ट सेटिंग्ज'मध्ये कमी करता येते, थेट ३६ पर्यंत. मी १०० ठेवून नवा व्हॉल्ट केला, दोन्ही एकदम उघडून सगळं इकडून तिकडे कॉपी केलं. जुन्या व्हॉल्टला ही मर्यादा नंतर बदलता येत नाही, म्हणजे सगळं पुन्हा अपलोड. ब्रॉडबँड रात्रभर त्यातच गुंतलं. तेव्हापासून एकही फाइल हरवलेली नाही. क्रिप्टोमेटरवरचा राग उतरला, पण हे सेटिंग 'एक्स्पर्ट'च्या आड का लपवलंय ते कळत नाही. साधं मराठीत नाव द्यायला एक्स्पर्ट व्हावं लागतं का?

शेअरिंगबद्दल. व्हॉल्टचं फोल्डर क्लाउडवर शेअर करायचं आणि पासवर्ड फोनवर सांगायचा, एवढंच. एकच कागद एकालाच दाखवायची सोय नाही: ज्याच्याकडे पासवर्ड, त्याला सगळं खुलं. पासवर्ड बदलला तरी आतली मास्टर किल्ली तीच राहते, त्यामुळे ज्याने जुनी किल्लीची फाइल आणि जुना पासवर्ड जपून ठेवलाय त्याच्यावर काही परिणाम होत नाही. भावकीत वाद असतील तर आधीच वेगवेगळे व्हॉल्ट करा. वकिलाला एक-दोन कागद पाठवायला मी सेव्हन-झिप (फाइल एकत्र बांधून पासवर्ड लावणारं ॲप) वापरतो, फाइलनावंही एन्क्रिप्ट करायची टिक लावून. फुकट, आणि वकिलाला काही नवीन शिकवावं लागत नाही. दोघांनी एकाच वेळी एक्सेल उघडली तर दोन प्रती तयार होतात, गूगल डॉक्ससारखं एकत्र लिहिणं विसरा. क्लाउडच्या वेबसाइटवर शोध नाही, प्रिव्ह्यू नाही. फाइलची साइज, संख्या, तारखा क्लाउडवाल्याला दिसतातच, माझ्या सातबाऱ्यांना तेवढं चालतं.

रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर उपयोगी पडणारी) म्हणून ४४ इंग्रजी शब्द मिळतात. ते छापून जमिनीच्या मूळ कागदांच्याच फायलीत, गोदरेजच्या कपाटात ठेवले आहेत. क्लाउडच्या वर्गणीचं नूतनीकरण मात्र या वेळी करणार नाही. तक्रार परत उघडून बघितली, त्यांनी पुन्हा स्क्रीनशॉट मागितलाय.