'विंटर इन अमेरिका'ची एलपी: काही महिने वाजवल्यानंतर

या अल्बमचे कर्ते, कवी-गायक गिल स्कॉट-हेरन आणि त्याचा वादक साथीदार ब्रायन जॅक्सन काय चीज आहेत, हे या वाटेला आलेल्यांना सांगायला नको. माझी तक्रार दुसऱ्या बाजूच्या शेवटाबद्दल आहे. 'एचटूओगेट ब्लूज'मध्ये गिल बोलू लागला की 'स' आणि 'श' फाटतात. वॉटरगेट या अमेरिकी राजकीय घोटाळ्यावरचं हे आठ मिनिटांचं बोलणं १९७३ मध्येच ध्वनिमुद्रित झालं. त्यापायी राष्ट्राध्यक्ष निक्सनचा राजीनामा आला ऑगस्ट १९७४ मध्ये. ज्यात शब्दच सर्वस्व आहेत, तिथेच शब्द खरखरतात, याचा संताप येतो.

पण प्रेसिंगला, म्हणजे रेकॉर्डच्या छापणीला, दोष देऊन महागडी मूळ प्रत शोधत बसू नका. पैसे सुईवर घाला. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंमी खाच जाते, लेबलजवळ जेमतेम २१. तोच आवाज निम्म्याहून कमी लांबीत दाटीने बसतो, आणि गोल किंवा साध्या लंबगोल टोकाची सुई त्या बारीक वळणांत नीट उतरत नाही. ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी) असेल तर तीच बॉडी ठेवून नुसती सुई बदलता येते; तिच्यावर बारीक धारेच्या टोकाची एमएल (मायक्रो-लिनिअर) सुई बसते. फरक पहिल्या वाक्यात कळतो.

सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन २ ग्रॅम ठेवा, काट्यावर मोजून. रेकॉर्ड झिजेल या भीतीने १.५ वर आणलंत तर सुई खाचेत उडते आणि झीज उलट वाढते. फक्त उजवा स्पीकर फाटत असेल तर अँटी-स्केटिंग (सुईला आत खेचणारी ओढ तोलणारी सोय) थोडं वाढवा. एवढं करूनही भागलं नाही, तर स्टीव्हन्सन प्रोट्रॅक्टरने (कार्ट्रिजचा कोन जुळवायच्या साच्याने) कार्ट्रिज पुन्हा लावा. त्याचा आतला शून्यबिंदू, म्हणजे सुई खाचेशी अगदी सरळ बसते ती जागा, केंद्रापासून ६०.३ मिमीवर येतो, म्हणजे जवळपास या गाण्याच्या शेवटाशीच.

सुई बदलल्यावर एक मत मात्र बदललं. बऱ्याच गाण्यांत ड्रम नाहीत, त्यामुळे रेकॉर्ड आधी पोकळ वाटायची. आता ऱ्होड्स या इलेक्ट्रिक पियानोच्या सुरांमधली शांतताच गाणं पेलते असं वाटतं. 'युअर डॅडी लव्ह्ज यू'मध्ये बापाचा जडावलेला आवाज ऐका, तिथे ड्रम नकोच होते. अल्बम जिथे मुद्रित झाला तो अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंगचा स्टुडिओ इतका लहान, की जॅक्सनला बासरी बाहेरच्या पॅसेजमध्ये, पाण्याच्या कूलरपाशी उभं राहून वाजवावी लागली. त्या अडचणीने आवाजाला जो जिव्हाळा आला तो मोठ्या स्टुडिओत आला नसता.

'विंटर इन अमेरिका' हे गाणं यात शोधू नका. ते १९७५ च्या पुढच्या अल्बमवर आहे.

वापरलेली प्रत घेताना विक्रेता हमखास 'द बॉटल' लावून दाखवतो. ते दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, सगळ्यात बाहेरचं, त्यामुळे झिजलेल्या प्रतीवरही बरं वाजतं. सुई उचलून लेबलजवळ ठेवायला सांगा. तिथेही 'स' आणि 'श' स्वच्छ असतील तरच पैसे द्या.