जुन्या तंबाखूचं ‘विरजण’

इंदुरात पाइप ओढणारे आता फार उरले नाहीत. त्यामुळे कुणाकडे मुरलेल्या तंबाखूचे डबे आहेत असं कळलं की मी लगेच निघतो. मागच्या श्रावणात तसाच निघालो आणि नऊ हजार रुपयांना फसलो. हा माणूस आणखी कुणाला गाठेल, म्हणून सगळं लिहितोय.

छप्पन दुकान या इथल्या खाऊगल्लीत भेटला. तिशीचा, नेटका, पहिल्या वाक्यापासून ‘काका’. आजोळ रामबागेतलं, आजोबा फौजेतले, त्यांनी २००४ साली घेऊन ठेवलेले व्हर्जिनिया जातीच्या तंबाखूचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे तीन डबे. इथे कुणी असं घरच्यासारखं मराठी बोललं की आपण पावती मागत नाही. मीही मागितली नाही.

व्हर्जिनियाच्या पानात साखर भरपूर असते, त्यामुळे हवाबंद डब्यात ती वर्षानुवर्षं मुरत जाते, हे खरंच आहे. त्याने या खऱ्यात खोटं कालवलं. म्हणे लटाकिया, म्हणजे धुरावर वाळवलेली तंबाखू, तीसुद्धा जुनी झाली की जास्त कडक होते. वास्तविक तिचा धुरकटपणा वर्षांबरोबर उतरत जातो. तिथेच मी उठायला हवं होतं. पण तो पुढे म्हणाला, “काका, पानावर पांढरी साखर दिसेल, घाबरू नका. चिमूटभर विरजण म्हणून तुमच्या बरणीत टाका, नवा मालही महिन्याभरात मुरेल.”

त्याच रात्री एक डबा उघडला. चांगल्या हवाबंद डब्याचं झाकण उचकटताना हवा आत शिरल्याचा आवाज येतो, तसा आला नाही. कडेला गोंदाचा वाळलेला पापुद्रा होता. आत पानं ओलसर, व्हॅनिलाचा वास, वर पांढरं. मी त्याला साखर समजलो, कारण तसं आधीच कानात भरलं होतं. चिमूटभर माझ्या बरणीत घातलं.

ती बरणी २०१५ची. मुलीच्या लग्नाच्या वर्षी उकळत्या पाण्यातून काढून, खडखडीत वाळवून भरलेली. आतल्या खोलीतल्या भिंतीच्या कपाटात, मे महिन्याच्या झळांपासून लांब ठेवायचो. तीन आठवड्यांनी उघडली तर कुबट वास. भिंगातून पाहिलं. साखरेचे कण असते तर चमकले असते; हे कापसासारखे तंतू होते. बुरशी. सगळी बरणी फेकावी लागली. याची भरपाई कुणी करू शकत नाही.

मग डबा उलटा केला. खाली स्टिकर खरवडून काढलेला, पण एका कोपऱ्यात तंबाखू सोडण्यासाठीच्या हेल्पलाइनचा १८०० पासूनचा अर्धा नंबर शाबूत. तो नंबर तंबाखूच्या पाकिटांवर आला १ सप्टेंबर २०१८ पासून. आजोबांनी २००४ साली घेतलेल्या डब्यावर तो कुठून येणार?

फोन बंद. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. उरलेले दोन डबे पुरावा म्हणून न उघडता ठेवलेत.

तुमच्याकडे कुणी असे डबे घेऊन आला तर पैसे देण्याआधी डबा उलटा करून बघा, झाकणाच्या कडेवरून नख फिरवा, एक डबा त्याच्याकडूनच समोर उघडून घ्या. पानावर पांढरं असेल तर आधी भिंग, मग नाक. आणि बोलता बोलता ‘विरजण’ हा शब्द निघाला, तर तोच तो.