जगातल्या धर्मांची ओळख करून देणारा ऑडिओ कोर्स : दसऱ्यापासून ऐकतेय, आता लिहिते

दसऱ्याला वर्गणी भरली, आता उन्हाळा लागलाय. सगळे भाग एकदा ऐकून झाले, काही दोन-तीनदा. सकाळी पुण्यात दत्तवाडीहून कॅम्पात ऑफिसला जाताना बसमध्ये कानात हेडफोन, आणि रात्री जेवणं उरकली की सासऱ्यांसाठी स्पीकरवर. अप्पांनी ऐंशी ओलांडली आहे, डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वाचन कमी झालंय, म्हणून खरं तर त्यांच्याचसाठी घेतला होता. खालचे निम्मे आक्षेप त्यांचे आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

निवेदन स्वच्छ आहे. मागे सतार-बासरी वाजत नाही, अधूनमधून घंटा नाही. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे पालुपद कुठेही ऐकू येत नाही, याबद्दल पैकीच्या पैकी मार्क. धर्म एकसारखे नाहीत, त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत, हे पहिल्याच भागात सांगून टाकलंय. बुद्ध दुःखाचं कारण शोधतो, पैगंबर एकाच ईश्वरापुढे शरण जायला सांगतात, कन्फ्यूशियसला आधी घर आणि राज्य नीट चालायला हवंय. अशी मांडणी मराठीत फारशी कानावर येत नाही.

सगळ्यात छान उतरलाय तो इस्लामवरचा भाग. इ.स. 610 मध्ये हिरा गुहेतला पहिला साक्षात्कार, 622 मध्ये मक्केहून मदिनेला हिजरत, 632 मध्ये पैगंबरांचं निधन. ही सनावळी नुसती म्हणून दाखवलेली नाही. हिजरी सन पैगंबरांच्या जन्मापासून किंवा साक्षात्कारापासून न मोजता हिजरतीपासून का मोजतात, तर तिथून श्रद्धावंतांचा स्वतंत्र समाज उभा राहिला म्हणून, हे फार छान उलगडलंय. शिया-सुन्नी फुटीचं मूळ वारसा कोणाचा या भांडणात होतं, आणि 680 साली करबलात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेल्यावर त्या भांडणाला कायमचं दुःख चिकटलं, हेही. पुण्यात ताबूत बघत मोठ्या झालेल्या माणसालाही मोहरमची दहावी तारीख कशाची, ते इथे नीट कळतं.

याच भागात कालगणनेवर दहा-बारा मिनिटं आहेत. ती आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा वाजली. इस्लामी वर्ष निव्वळ चांद्र, साधारण 354 दिवसांचं. अधिक महिना घालायला कुराणातच मनाई, म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरतो. अप्पांनी लगेच हात वर केला.

“अगं, थांबव जरा. मग ज्यूंचं काय? त्यांचेही महिने चंद्राचेच ना?”

“पुढच्या भागात असेल, अप्पा.”

“मग लाव की पुढचा!”

पुढच्या भागात होतंच. ज्यूंच्या पंचांगात 19 वर्षांत 7 अधिक महिने घालतात, कारण पेसाख हा सण वसंतातच यायला हवा. म्हणजे आपली दिवाळी शरदात राहते ती ज्या युक्तीने, तीच युक्ती. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरही पौर्णिमा बघूनच ठरतो : वसंतसंपातानंतरची पौर्णिमा आणि तिच्या नंतरचा रविवार. सगळ्यांनी तो एकाच दिवशी पाळायचा हे 325 साली निकियाच्या परिषदेत ठरलं. त्या रात्री अप्पा भिंग आणि पंचांग घेऊन झोपायची वेळ टळून गेली तरी बसले होते. एवढ्या एका गोष्टीवर माझे पैसे वसूल झाले.

आता तक्रार, आणि ती छोटी नाही.

प्रत्येक धर्माचा भाग एकाच साच्यात घातलाय : संस्थापक, ग्रंथ, शिकवण, पंथ. इस्लाम आणि ख्रिस्ती धर्म या साच्यात बसतात. बाकीचे कोंबावे लागतात. माणसं काय मानतात यावर सगळा भर, काय करतात ते शेवटच्या पाच मिनिटांत ‘सण आणि विधी’ म्हणून. खाणंपिणं, सोवळंओवळं, लग्न कुणाशी, मेल्यावर काय करायचं, यातच बऱ्याच लोकांचा धर्म असतो.

ज्यूंचंच घ्या. कोर्समध्ये अब्राहम, मोझेस, तोरा हा धर्मग्रंथ, इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडणं, त्यानंतर यज्ञबळी संपून प्रार्थना आणि अभ्यास यांवर उभा राहिलेला धर्म, हे सगळं येतं आणि चांगलं येतं. पण माझी बस ज्या लाल देवळाजवळून जाते, त्याच्या लोकांबद्दल एक अवाक्षर नाही. बऱ्याच जणांना ते चर्च वाटतं : लाल विटा, उंच मनोरा, वर घड्याळ. ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधून झालं 1867 मध्ये, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांच्या पैशातून. त्यांची कबरही त्याच आवारात आहे. ससून बगदादी ज्यू. आपले मराठी बोलणारे बेने इस्रायल वेगळे, कोकणात तेलघाणे चालवणारे. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे धड ग्रंथ नव्हता, हिब्रूही जवळजवळ विसरली होती. तरी शनिवारची सुट्टी, मुलाची सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही एक प्रार्थना एवढं टिकलं, आणि त्यावरून ते ज्यू म्हणून ओळखले गेले. साच्यातले चारपैकी दोन रकाने रिकामे, तरी धर्म शाबूत. हे एक उदाहरण घेतलं असतं तर अख्खा भाग उजळला असता.

आमच्या ऑफिसात एक बेने इस्रायल बाई आहेत. त्यांच्याकडे नवस फेडताना किंवा शुभकार्यात मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गोड, त्यात ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं मांडायची आणि एलियाहू पैगंबराचे आभार मानायचे. कोर्समधल्या ज्यू धर्मात पोहे नाहीत. त्यांना मी तो भाग ऐकवला, तर म्हणाल्या, “बरोबर आहे सगळं, फक्त आम्ही कुठे नाही त्यात.”

हिंदू धर्माच्या भागात तर साच्याचे हाल झालेत. संस्थापक नाही म्हटल्यावर निवेदक घाईघाईने वेद, उपनिषदं, ब्रह्म-आत्मा, कर्म आणि पुनर्जन्म यांवर पोचतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. खंडोबा नाही, कुलदैवत हा शब्द नाही, वारी एका वाक्यात. अप्पांनी यावर पंचहौद मिशनची गोष्ट काढली. 1890 साली गुरुवार पेठेतल्या त्या मिशनमध्ये टिळक, रानडे वगैरे मंडळी गेली, पुढे चहा-बिस्किटं आली, आणि गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. गावात गहजब, बहिष्काराची धमकी, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, शेवटी प्रायश्चित्तं. “त्यांना कोणी विचारलं का, तुम्ही येशूला मानता का म्हणून?” अप्पा म्हणाले. “एवढंच विचारलं, चहा घेतलात का?” उपनिषदांवरच्या तासाभराला हा चांगला जोड आहे.

बौद्ध धर्माबद्दल माझा राग जास्त आहे. चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग, अनात्मवाद हे नेमकं सांगितलंय, थेरवाद-महायान फरकही. मग झेन आणि तिबेट यांना भरपूर वेळ, आणि बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेली दीक्षा एका वाक्यात. भारतातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रात राहतात हो! मराठी श्रोत्यांसाठी कोर्स करताना बावीस प्रतिज्ञा गाळायच्या म्हणजे कमाल आहे. त्याआधी 1954 च्या डिसेंबरात त्यांनी इथेच देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली होती, ते सोडाच. इथे स्पष्ट दिसतं की मजकूर बाहेरच्या भाषेत बेतला आणि नंतर मराठीत आणला. शीख भागातही तेच. 1604 मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात कोणाकोणाची पदं आहेत त्या यादीत ‘भगत नामदेव’ हे नाव येतं आणि जातं. ते आपले नामदेव, हे सांगायला पाच सेकंद पुरली असती.

जैन भाग ठीक. चीन-जपानचा भाग पळत पळत झालाय. पारशी भाग छोटा पण सुरेख : अहुर मज्द, झरथुष्ट्राच्या गाथा, सद्विचार-सद्वचन-सत्कृत्य, आणि कुस्ती म्हणजे कमरेला बांधायचा पवित्र दोरा, त्यातल्या 72 धाग्यांचा यस्न या प्रार्थनाग्रंथाच्या 72 अध्यायांशी संबंध. ख्रिस्ती भागात 1054 ची पूर्व-पश्चिम फूट आणि 1517 नंतरची प्रोटेस्टंट चळवळ उत्तम. फक्त गोव्यात आलेल्या इंग्रज पाद्री फादर स्टीफन्सनी 1616 मध्ये मराठी ओवीत ख्रिस्ताची कथा छापली, तिचा उल्लेख नाही म्हणून हळहळ वाटते.

अॅपबद्दल थोडक्यात. डाउनलोड केलेले भाग एका अपडेटनंतर उडाले, ते परत उतरवावे लागले. तक्रार नोंदवली तर छापील उत्तर आलं. ऐकता ऐकता मध्येच फोन आला की भाग पहिल्यापासून सुरू होतो. स्वारगेटच्या सिग्नलला हे फार डोक्यात जातं. प्रकरणाच्या शेवटची प्रश्नमंजूषा पोरकट आहे, पैगंबरांचं जन्मगाव विचारून काय होणार? नकाशे मात्र जरूर उघडून बघा, बौद्ध धर्म कोणत्या रस्त्याने चीनला गेला ते त्यात छान कळतं.

दहावी-बारावीतल्या मुलांना, स्पर्धा परीक्षावाल्यांना आणि घरात अप्पांसारखं कोणी असेल तर जरूर घ्या. वर्षाची वर्गणी कॅम्पातल्या दोघांच्या एका जेवणाइतकी पडते. क्रमाने ऐकू नका. इस्लाम, मग ज्यू, मग ख्रिस्ती असं ऐका, पंचांगाचा धागा जुळतो. हिंदू आणि बौद्ध भागांची सुधारित आवृत्ती येणार असं अॅपमध्ये लिहिलंय. ती दसऱ्याच्या आत आली तर पुढच्या वर्षाचे पैसे भरेन, नाही तर आहे तेवढं अप्पांना पुरेल.