सॅमनसाठी शनिवार द्यायचा, तर हॅचरीत की ओढ्याकाठी?

सिएटलच्या ईस्टसाइडला, म्हणजे पूर्वेकडच्या उपनगरांत, राहणारी मराठी मंडळी पानगळ सुरू झाली की विचारतात: सॅमन माशांसाठी काहीतरी करायचंय, इसक्वा गावातल्या हॅचरीत (माशांची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात) पाहुण्यांना माहिती सांगायला उभं राहावं, की ओढ्याकाठी झाडं लावायला जावं? मी दोन्ही केलंय, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

लहान मुलं बरोबर असतील तर हॅचरीला तोड नाही. लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणींनी इथला सॅमन जवळजवळ संपवल्यावर, १९३६च्या सुमारास ती उभी राहिली. समुद्रातून बॅलर्डच्या लॉक्समधून (बोटींसाठीच्या जलदरवाजांतून) शिरून, सरोवरं पार करून आलेले चिनूक आणि कोहो या जातींचे सॅमन गावाच्या मधोमध पुलाखाली दिसतात. मुलं तिथून हलत नाहीत. कामही सुटसुटीत आहे: ठरलेली वेळ, कोरडे पाय, माणसांशी गप्पा.

मला मात्र एक गोष्ट खटकत राहिली. माहिती सांगून संपली की कुणीतरी, बहुधा सगळ्यात लक्ष देऊन ऐकणारा पाहुणाच, म्हणायचा, "पिल्लं इथे तयार होतातच, मग ओढ्याची एवढी चिंता कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. पण उत्तर द्यायला लागावं, तोवर पुढचा गट आलेला असायचा. कोहोचं पिल्लू समुद्राकडे निघण्याआधी साधारण वर्षभर गोड्या पाण्यात काढतं. त्याला भर उन्हाळ्यात गार पाणी लागतं, लपायला पाण्यात पडलेले ओंडके लागतात. नैसर्गिक अंडी तर खडीत असतात. काठ ढासळून गाळ बसला की ती गुदमरतात. यातलं काहीही टाकीकडे बोट दाखवून पटवता येत नाही. दर वेळी तोच प्रश्न अर्धवट सोडून घरी यायचो, आणि शेवटी त्यामुळेच ओढ्याकाठी गेलो.

तिथलं काम चिखलाचं आहे. ब्लॅकबेरीचं काटेरी रान आधी कापायचं, मग मुळाचा गड्डा खणून काढायचा. तो राहिला की वसंतात पुन्हा सगळं झाकून टाकतो. रोपं ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत लावतात, कारण इथला पाऊस हिवाळ्यातला. सीडर, डग्लस फर, आणि ओल्या मातीत नुसत्या खोचलेल्या विलोच्या फांद्या. लावणं त्यामानाने सोपं; खरी कसोटी कोरड्या जुलै-ऑगस्टमध्ये आळं स्वच्छ ठेवण्याची. पण उन्हाळ्यात पाण्यात हात घातला की सावलीतलं आणि उघड्यावरचं पाणी मला तरी वेगळं लागतं. नवख्या माणसाला तेवढं दाखवलं की समजावत बसावं लागत नाही.

शिवाय हे काम एकट्या गावाचं नाही. १९९९ साली प्युजेट साउंडचा चिनूक 'धोक्यातला' म्हणून नोंदला गेला. त्यानंतर या पाणलोटातली शहरं आणि किंग, स्नोहोमिश काउंटी एकत्र आल्या. २००५ मध्ये त्यांचा सामाईक आराखडा तयार झाला. वरच्या गावाने काठ उघडा ठेवला तर खालच्याची मेहनत तापलेल्या पाण्यात जाते, हे काठावर काम करताना चांगलं कळतं.

पाठीचं दुखणं असेल, किंवा वर्षातले दोन-तीनच दिवस मोकळे असतील, तर हॅचरी निवडा. तिथेही चांगल्या माणसांची गरज असते. वर्षभर अधूनमधून जमत असेल तर मी ओढाच सुचवेन, आणि तोही घराजवळचा, म्हणजे उन्हाळ्यात जाणं होतं. फावडं, हातमोजे बहुतेक ठिकाणी मिळतात. जाड, लांब बाह्यांचा शर्ट आणि गमबूट घरून न्या.